हवेतला अर्धा तास

१

डबी जागच्या जागी होती. कुंकवाच्या रंगाची, कडांना झिजलेली मखमल. झाकण नीट लावलेले. अबोलीने ती उघडली ती केवळ पुन्हा एकदा पाहावे म्हणून, आणि आत नथीच्या आकाराचा एक खळगा तेवढा उरला होता.

हे शुक्रवारी दुपारी अडीचला घडले, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरात, सुरेखाकाकूंच्या घरी. रविवारी सकाळी त्याच घरात अबोलीचा साखरपुडा होता. ऑकलंडमधल्या पेनरोजहून काम संपवून संध्याकाळी मी तिथे पोचलो, तेव्हा बैठकीत झेंडूची दोन खोकी न उघडता पडून होती, पुरुषोत्तमकाका बंद टीव्हीकडे पाहत बसले होते, आणि स्वयंपाकघरात अबोलीचा होणारा नवरा रणजित निळ्या कपातून चहा पीत होता.

तो कप माझा होता. नाव घातलेला नव्हे. पण विद्यार्थी असताना दोन वर्षे मी या घराच्या मागच्या खोलीत राहिलो, आणि कानाचा टवका उडालेला तो कप तेव्हापासून माझ्या हाताला ओळखत होता. रणजितला हे कोणी सांगितले नसणार. ज्यांना सगळे मिळते त्यांना कोणी काही सांगत नाही.

"किया ओरा, क्षितिज," तो इथल्या माओरी रीतीचा नमस्कार करत म्हणाला. "वाईट दिवशी आलास रे."

काकूंनी मला खुणेने धुण्याच्या खोलीत बोलावले आणि दार ओढून घेतले.

"पोलीस वगैरे नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठे काही फोडलेलं नाही. गॅरेजचा कोड घरच्यांनाच माहीत. म्हणजे माणूस घरातलंच. तू दिवसभर त्या ट्रकांच्या वेळा आखतोस ना? मग माणसांच्याही आख. उद्या संध्याकाळपर्यंत मला नाव हवं."

"नाव कळलं तर काय कराल?"

त्यांनी वॉशिंग मशीनवरच्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"रणजितचं निघालं तर रविवारचा साखरपुडा होणार नाही."

माझ्या छातीत तेव्हा जे हलले, त्याला दुःख म्हणता येणार नाही.

२

ती नथ काकूंच्या आईची. बसऱ्याचे मोती, मधे एक माणिक, चापाची. ती काकूंच्या धाकट्या बहिणीला, निशिगंधाला, मिळायची होती. निशिगंधा अबोलीला सात वर्षांची ठेवून गेली, म्हणून आता ती अबोलीची. इकडे रणजितच्या आईने नाशिकहून स्वतःची नथ पाठवली होती आणि सुनेने साखरपुड्याला तीच घालावी असा निरोप फोनवर तीनदा दिला होता. दोन नथी आणि एक नाक, असा विनोद काका महिनाभर करत होते. आता तो त्यांनी थांबवला होता.

"शेवटची कधी पाहिलीत?" मी काकूंना विचारले.

"आज सकाळी. सुरुचीला दाखवली. देवघरासमोर उभी राहून बघत होती बिचारी. मग डबी मीच लावली, कपाट बंद केलं, आणि आम्ही तिघं निघालो."

देवघर म्हणजे बोळातले चादरींचे कपाट. वरच्या दोन फळ्यांवर देव, खाली उशांचे अभ्रे. सुरुचीताई ही काकूंची एकुलती एक मुलगी, क्राइस्टचर्चला फार्मसिस्ट. आठवडाभर माहेरी येऊन राहिली होती, आणि ऐन साखरपुड्याला ड्यूटी लागल्यामुळे शुक्रवारीच परत चालली होती.

"एरवी ती ऑकलंडहूनच येते-जाते," काकू म्हणाल्या. "पण आम्हाला फुलं आणायला ते पुकी गावाला जायचं होतं. हॅमिल्टनचा एअरपोर्ट वाटेवरच. म्हटलं, या वेळी इथूनच जा, आम्ही सोडतो. दहाचं विमान होतं. सव्वानऊला दारात सोडली आणि पुढे गेलो."

"नंतर काही बोलणं?"

"पोचल्याचा मेसेज आला ना. झेंडू निवडत होते तेव्हा. अकरा वीसला." मी वर पाहिले तशा त्या किंचित लाजल्या. "मी वेळ बघतेच रे. 'पोचले' आल्याशिवाय मला पाणी जात नाही घशाखाली. काका चिडवतात. मेसेज बघितला आणि मग त्या सरदारणीनं दिलेला पराठा खाल्ला."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मीच फोन केला, हे असं झालंय म्हणून. रडवेली झाली. विषय बदलावा म्हणून विचारलं, तारानाकीचा डोंगर दिसला का गं विमानातून? तर म्हणाली, कसला दिसतोय, पंखावरची सीट आली होती, खाली पंखच पंख."

हे सगळे मी ऐकले आणि बाजूला ठेवले. ऐकणाऱ्याला जे ऐकायचे असते तेवढेच त्याच्या कानात राहते.

३

शनिवारी सकाळी बैठकीतला सोफा गॅरेजमध्ये हलवण्याचे काम रणजितकडे आणि माझ्याकडे आले. तो पुढे, मी मागे. भूकंपानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या क्राइस्टचर्चमध्ये पूल बांधणारा माणूस. सोफ्याचे वजन त्याला जाणवत नव्हते.

"काल तुझं विमान किती वाजता सुटलं?" मी विचारले.

"चौकशी चालू झाली वाटतं." तो हसला. "विचार, विचार. बाराला सुटलं. दोनला दहा कमी असताना उतरलो. तिथून गाडी भाड्यानं घेतली आणि अर्ध्या तासात इथे. गॅरेज उघडलं, चहा टाकला, तेवढ्यात अबोली आली."

"ती अडीचला आली."

"मग? एक कप चहा तरी होऊ दे की नाही?"

सोफा ठेवल्यावर मी मागच्या अंगणात गेलो आणि फोन उघडला. दोन शहरांची नावे घातली की त्यांच्यातले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी एक वेबसाइट आहे. मी क्राइस्टचर्च आणि हॅमिल्टन घातले. पावणेसातशे किलोमीटरच्या आत. एक तास वीस मिनिटे.

मी ती ओळ दोनदा वाचली. बाराला सुटलेले विमान एक वीसला उतरायला हवे. रणजित दोनला दहा कमी म्हणत होता. मधला अर्धा तास कुठे गेला? त्या वेळी घरात कोणी नव्हते. काका-काकू ते पुकीला, अबोली कामावर, लॅबमध्ये. अर्ध्या तासात माणूस एक कपाट उघडून बंद करू शकतो, आणि आईच्या तीन निरोपांचे ओझे एका क्षणात उतरवू शकतो.

विमान कंपनीचे वेळापत्रक पाहणे दोन बोटांचे काम होते. मी ते पाहिले नाही. पिकलेले फळ हातात आल्यावर कोणी ते आतून किडके आहे का, हे तपासत नाही.

काकूंना मी सगळे सांगितले. त्या खुर्चीवर बसल्या.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "आणि तोंडावर खोटं बोलला." मग उठून उभ्या राहत, "सुरुचीला मी परत बोलावून घेतलंय, ड्यूटी बदलून घेऊन दुपारी येतेय. ती आली की सगळ्यांसमोर विचारते. तू तिला एअरपोर्टवरून घेऊन ये."

मी निघालो तेव्हा अबोली गॅरेजच्या दाराशी उभी होती. केस अर्धवट बांधलेले, हातात झेंडूची अपुरी माळ आणि सुई.

"मावशीनं सांगितलं मला," ती म्हणाली. "क्षितिज, एकच विचारते. तुला खरंच वाटतं तो असेल, की तसं असावं असं वाटतं?"

मी गाडीची किल्ली शोधण्याचे निमित्त केले. ती माझ्या हातातच होती.

४

सुरुचीताईचा निरोप दीड वाजता आला होता: 'विमानात बसले, दार लागलं.' मी हिशेब केला. तीनला दहा कमी. या घरातल्या माणसांना विमानतळावर ताटकळत ठेवायचे नसते, अशी काकूंची शिस्त. मी पावणेतीनलाच पोचलो.

हॅमिल्टनचा विमानतळ लहान आहे. एका बाजूला मक्याची शेते, दुसऱ्या बाजूला गाई. काचेच्या भिंतीजवळ उभे राहिले की सगळी धावपट्टी दिसते, आणि धावपट्टीवर काही नसले तर आभाळ. आभाळात काही नव्हते. तीन वाजले. तीन पाच. मी सुरुचीताईला फोन लावला, तो बंद होता. म्हणजे ती अजून वरच होती.

काउंटरवरच्या मुलीला मी विचारले, क्राइस्टचर्चचे विमान बरेच उशिरा आहे का.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "अगदी वेळेवर आहे. तीन वीसला येईल."

मी काचेपाशी परत आलो. विमान वेळेवर होते. उशिरा फक्त माझा हिशेब होता.

तीन वीसला ते उतरले. लांबट, सडपातळ, दोन पंख्यांचे. पंखा थांबताना त्याची पाती एकेक करून दिसू लागली, तसे मला एकेक दिसू लागले. ऑकलंडहून क्राइस्टचर्चला जेट जाते. इथून हे जाते. हॅमिल्टन नकाशावर क्राइस्टचर्चला ऑकलंडपेक्षा जवळ आहे आणि घड्याळावर लांब. ती वेबसाइट दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढते आणि जेटचा वेग धरून भागाकार करते; त्या रेघेवरून कोणते विमान उडते हे तिला ठाऊक नसते.

म्हणजे रणजितचा अर्धा तास चोरीत गेला नव्हता. तो हवेतच होता.

आणि मग बाजूला ठेवलेले सारे परत आले. सुरुचीताई दहाला इथूनच निघाली होती, अशाच विमानातून. मग ती अकरा वीसला कशी पोचली? मी वाऱ्याला दोष देऊन पाहिला. ती दक्षिणेला गेली, रणजित उत्तरेला आला. पण वारा फार तर काही मिनिटे देतो किंवा घेतो, अर्धा तास देत नाही. अकरा वीसला ते विमान अजून समुद्रावर असायला हवे होते. समुद्रावरून 'पोचले' असा निरोप येत नाही.

समोर उभ्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर होते. या विमानात कुठेही बसा, पंख खालचे काही झाकत नाही. 'खाली पंखच पंख' हे जेटमधून दिसते. जेट ऑकलंडहून सुटते.

ज्याचा वेळ हिशेबाशी जुळत नव्हता तो खरे बोलत होता. जिचा तंतोतंत जुळत होता, ती इथून उडालीच नव्हती.

सुरुचीताई शिडीवरून उतरली. हातात पर्स घट्ट धरलेली. काचेच्या दारातून आत आली, मला पाहिले, आणि माझ्या चेहऱ्यावर जे होते ते वाचून थांबली.

"तू लवकर आला असशील," ती म्हणाली. "अर्धा तास."

५

गाडीत ती बराच वेळ समोरच्या गाईंकडे पाहत राहिली. मी इंजिन सुरू केले नाही.

"मी पहिल्यांदाच बसले या विमानात," ती म्हणाली. "पावणेतीन झाले, मग तीनला दहा कमी, मग तीन. खाली पाणीच. शेजारच्या आजीला विचारलं, उशीर झालाय का? ती म्हणाली, छे, हे नेहमीच एवढं घेतं. तेव्हा कळलं, काल आईला काय पाठवून बसले ते. वीस मिनिटं तशीच बसून होते. उतरूही नये, आणि वर राहूही नये."

"काल काय झालं?"

"काही ठरवलं नव्हतं रे. गेटपाशी बसले होते, नाव पुकारलं, पाय उचलेना. टॅक्सी केली आणि घरी गेले. फक्त एकदा घालून बघायची होती. घातली. आरशात बघत होते आणि फोनवर वेळ दिसली, अकरा वीस. आता आई घाबरेल म्हणून 'पोचले' टाकलं. ऑकलंडहून एवढाच वेळ लागतो. इथून तर जवळच, म्हटलं. मग नथ काढायची राहिली. बस धरून ऑकलंडला गेले, तिथून विमान."

"परत ठेवायला आणलीय?"

"मला अजून कळलेलं नाही." तिने पर्सवर हात ठेवला. "चार वर्षांपूर्वी मी रजिस्ट्रारकडे लग्न केलं. डॅनियलशी. आईला म्हटलं, नथ पाठव. ती म्हणाली, ऑफिसात सही करायला नथ कशाला लागते? मी काही बोलले नाही. आता अबोलीसाठी ती देवासमोर ठेवून वाट बघतेय. निशिगंधामावशी गेली, म्हणून तिची नथ अबोलीची. मी जिवंत आहे, म्हणून माझं काहीच नाही."

मला तिच्याबद्दल राग यायला हवा होता. पण तिच्या बोलण्यातला तो सूर मी ओळखत होतो. गेले वर्षभर तो माझ्याच आत वाजत होता, निळ्या कपाभोवती, अबोलीच्या फोनच्या प्रत्येक घंटीभोवती.

ती माझ्याकडे वळली.

"आईनं सांगितलं, तू रणजितचं नाव घेतलंस. का घेतलंस ते मला माहितीय. अबोली सोडून सगळ्यांना माहितीय." तिचा आवाज खाली आला. "क्षितिज, तू गप्प बस, मीही बसते. आई उद्याचं मोडेल. नथ मला, अबोली तुला. कोणी विमानाचे पंखे मोजायला जाणार नाही."

मी गाडी सुरू केली. मक्याची शेते मागे पडली, पूल आला, वायकाटो नदी खालून आपल्या शांत हिरव्या वेगाने वाहत होती. ती दोनदा म्हणाली, "उत्तर दे." मी मनात ते घर उभे करून पाहिले: अबोली, मी, आणि दारावर टांगलेला हा अर्धा तास. ती कुठूनही दहा मिनिटे उशिरा आली असती तरी मी मोजत बसलो असतो. ज्या हिशेबाने ती मला मिळाली असती, तोच हिशेब मला तिच्याजवळ कधी निवांत बसू देणार नव्हता.

रोटोटुनाच्या वळणावर मी म्हणालो, "ताई, रणजित सुटेल एवढं मी सांगणार. पुढचं तू सांग."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगीन. पण मग ती चोरी होईल."

६

सगळे बैठकीत होते. सोफा नसल्यामुळे उभेच. काकू रणजितकडे पाहत नव्हत्या. रणजित गोंधळून अबोलीकडे पाहत होता.

"काकू," मी म्हणालो, "मी चुकलो. इथलं विमान पंख्यांचं असतं, त्याला पावणेदोन तासांच्या वरच लागतात. मी आज स्वतः थांबून पाहिलं. रणजितचा अर्धा तास हवेत होता. तो खरं बोलला."

"म्हणजे माझ्यावर होता संशय?" रणजित म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांनाच विचारतोयस."

काका पुटपुटले, "ट्रक बरे. निदान ते रस्त्यावरून जातात."

"मग कोण?" काकूंनी विचारले. आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. 'पोचले' हा शब्द घड्याळासकट लक्षात ठेवणारी बाई होती ती. वजाबाकी तिला करून दाखवावी लागली नाही. त्या सावकाश सुरुचीताईकडे वळल्या.

सुरुचीताईने पर्समधून रुमाल काढला आणि झेंडूच्या उघड्या खोक्यावर ठेवून उलगडला. मोती पिवळ्या फुलांवर उमटल्यासारखे दिसले.

मग काकूंनी जे विचारले, ते मी अपेक्षिले नव्हते.

"घालून बघितलीस?"

"हो."

"कशी दिसली?"

अबोली पुढे झाली. तिने नथ उचलली, चाप उघडला आणि म्हणाली, "ताई, इकडे बघ. मलाही बघू दे ना." आणि आपल्या हाताने ती सुरुचीताईच्या नाकात घातली.

काकू पदराचे टोक तोंडाशी धरून म्हणाल्या, "अगदी आईसारखी." एवढेच.

रविवारी अबोलीने नाशिकची नथ घातली. काकूंची नथ सुरुचीताईच्या नाकात राहिली. चाप घट्ट असावा, कारण तिचे डोळे दिवसभर ओले होते, आणि तिनेही कारण तेच सांगितले. रणजितने मला मिठी मारली, "स्वीट ॲज, यार, काही हरकत नाही, मीही तेच केलं असतं," असे म्हणाला, आणि निळ्या कपात चहा आणून दिला. त्याच्या मनात काही नव्हते. त्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

संध्याकाळी उन्हे असतानाच मी निघालो. अबोली दारापर्यंत आली. हातावर साखरेचे कण होते, केसात झेंडूची एक पाकळी अडकली होती.

"थँक्स," ती म्हणाली. आणि मग, या घरात प्रत्येक जाणाऱ्याला म्हणतात तसेच, "पोचलास की कळव."

रोटोटुनाहून पेनरोज एक तास वीस मिनिटे आहे. वाटेत बॉम्बे नावाचा चढ लागतो. तिथून ऑकलंडची वस्ती दूरवर दिसते, पण ती अजून अर्धा तास दूर असते. तिथल्या पेट्रोल पंपाशी मी गाडी थांबवली आणि लिहिले: 'पोचलो.'

तिचा अंगठा लगेच आला. तिने घड्याळ पाहिले नव्हते. मोजणारी माणसे वेगळी असतात. ती तशी नव्हती, निदान माझ्यासाठी नव्हती.

मी फोन उलटा ठेवला आणि उरलेला अर्धा तास गाडी चालवत राहिलो.